हॉटेलच्या खोलीतला छोटा राउटर: घेताना काय पाहायचं, लावताना काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा: महिन्यातले बरेच दिवस हॉटेलात जातात. सोबत लॅपटॉप, दोन फोन, टॅब आणि टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक. प्रत्येक मुक्कामी प्रत्येक उपकरणाचं वेगळं लॉगिन करावं लागतं, स्टिकचं तर होतच नाही. छोटा ट्रॅव्हल राउटर घेतला तर हे सुटेल का, कोणता घ्यावा, आणि खोलीत गेल्यावर नेमकं काय करायचं?

सुटेल. पण आधी हा राउटर करतो काय ते नीट लक्षात घ्या. कोणता घ्यायचा आणि लावताना काय अडेल, या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत. हॉटेलचं नेटवर्क तुम्हाला ओळखत नाही, उपकरणाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकाला, ओळखतं. लॉगिनच्या पानावर खोली क्रमांक आणि आडनाव भरलं की त्या एका मॅक ॲड्रेसपुरतं फाटक उघडतं. मध्ये राउटर ठेवला की हॉटेलला दिसतो फक्त राउटरचा मॅक ॲड्रेस. मागे एक उपकरण असो की दहा, लॉगिन एकदाच. ज्या उपकरणांत ब्राउझरच नाही ती आयती आत येतात. शिवाय बहुतेक हॉटेलं पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे फोनवरून स्टिकला व्हिडिओ पाठवता येत नाही. राउटरच्या आतलं नेटवर्क तुमचं स्वतःचं, तिथे ही आडकाठी नसते.

दोन गोष्टी मात्र तो करत नाही. एक म्हणजे वेग वाढवत नाही. हॉटेलने दर उपकरणाला १० एमबीपीएसची मर्यादा घातली असेल, तर राउटर लावल्यावर सगळ्या खोलीला मिळून तेच १० एमबीपीएस. मोठी फाइल पाठवायची असेल तेव्हा लॅपटॉप थेट हॉटेलच्या वायफायला जोडणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. दुसरं, नुसता राउटर लावल्याने सुरक्षा येत नाही. हॉटेलचं वायफाय बिनपासवर्डचं असेल तर राउटर आणि हॉटेलचा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी पेटी) यांच्यामधला हवेतला टप्पा उघडाच राहतो. तुमची उपकरणं शेजारच्या खोलीतल्यांना दिसत नाहीत, एवढा लाभ नक्की. बाकी काम एचटीटीपीएस (वेबसाइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण) आणि व्हीपीएनचं (सगळी वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय).

वर्षातून एखादाच मुक्काम असेल तर राउटर घेऊच नका. विंडोज १० किंवा ११ चा मोबाइल हॉटस्पॉट वायफायवरून आलेलं इंटरनेट वायफायवरूनच आठ उपकरणांपर्यंत वाटू शकतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांनाही हे जमतं.

आता निवड. खोक्यावरचे वेगाचे ठळक आकडे, म्हणजे १८००, ३०००, हे बाजूला ठेवा. हॉटेलच्या लाइनवर ते गाठलेच जात नाहीत. खोलीत राउटर अडतो तो दोन जागी: लॉगिनचं पान आणि वीज. म्हणून पुढच्या गोष्टी पाहायच्या.

पहिली अट, दोन बँड, म्हणजे वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे. हॉटेलचं वायफाय घ्यायचं आणि पुढे वायफायच द्यायचं, ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर पडली की तो एका वेळी एकच करू शकतो; वेग जवळपास निम्मा होतो. दोन रेडिओ असतील तर एका बँडवर घ्यायचं आणि दुसऱ्यावर द्यायचं. जीएल-आयनेटचा मँगो आकाराने गोड आहे, पण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. गर्दीच्या हॉटेलात २.४ गिगाहर्ट्झ कोंबलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या वापराला तो सुचवणार नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर९०२एसी दोन बँडचा आहे, पण त्याला इथरनेट पोर्ट एकच, तोही १०० एमबीपीएसचा.

दुसरी अट, सॉफ्टवेअर. मॅक ॲड्रेस बदलता येणं, आतल्या नेटवर्कचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलता येणं, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणाऱ्या सेवेची) सेटिंग हातात असणं, आणि व्हीपीएन राउटरवरच चालवता येणं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेल्या राउटरांत हे सगळं असतं. व्हीपीएन लागणार असेल तर प्रोसेसर महत्त्वाचा. जीएल-आयनेटच्या बेरिल एएक्ससाठी निर्माता वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर ३०० एमबीपीएसपर्यंतचा वेग सांगतो, ओपनव्हीपीएन या दुसऱ्या पद्धतीवर त्याच्या निम्मा. हॉटेलसाठी दोन्ही पुरतात. त्यात २.५ गिगाबिटचा एक वॅन (बाहेरून इंटरनेट घेणारा) आणि १ गिगाबिटचा एक लॅन (आतल्या उपकरणांसाठीचा) पोर्ट आहे. नेहमीच्या प्रवाशाला या वर्गातला राउटर पुरेसा आहे. वायफाय ७ साठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण अडचण हॉटेलच्या बाजूला असते.

तिसरी अट, वीज, आणि इथे सर्वात जास्त लोक फसतात. टीव्हीच्या मागचा यूएसबी पोर्ट सोयीचा दिसतो, पण यूएसबी २ पोर्ट नियमाने ०.५ अँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ०.९. राउटरला सहसा ५ व्होल्टला २ ते ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. अपुऱ्या विजेवर तो सुरू होतो, दिवा लागतो, आपलं वायफायही दिसतं. पण दोन्ही रेडिओंवर ताण आला की आपोआप रीबूट होतो. ‘वायफाय दर दहा मिनिटांनी जातं’ ही तक्रार असली की आधी अडॅप्टर बदला, मग सेटिंगला हात लावा. जीएल-आयनेटच्याच स्लेट एएक्ससारख्या मॉडेलला ५ व्होल्ट ४ अँपिअर लागतात. साधा यूएसबी-सी चार्जर ५ व्होल्टला बहुधा ३ अँपिअरवरच थांबतो. त्यासोबत आलेला अडॅप्टरच न्या.

खोलीचं कार्ड खाचेतून काढलं की बरेच सॉकेट मरतात. फ्रिजचा सॉकेट बहुधा चालू राहतो, त्याच्या शेजारी दुसरा असेल तर तो धरा. पॉवर बँक मध्ये ठेवणार असाल तर चार्ज होता होता वीज देणारी हवी, आणि ही परीक्षा घरीच करा: राउटर चालू असताना भिंतीकडची वायर काढा आणि परत लावा. काही पॉवर बँका त्या क्षणी पुरवठा तोडतात आणि राउटर रीबूट होतो. १०,००० एमएएचच्या बँकेत ३७ वॉट-तास असतात; रूपांतरातली गळती धरून ५ वॉट खाणारा राउटर त्यावर सहा तासांच्या आसपास चालतो.

घरून निघण्याआधी अर्धा तास द्या. फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, कारण हॉटेलच्या रेंगाळणाऱ्या लाइनवर ते करणं धोक्याचं. ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडण्याची सोय) बंद करा, वॅनच्या बाजूने ॲडमिन पान (राउटरच्या सेटिंगचं पान) उघडणं बंद आहे ना ते पाहा. वायफायला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या आणि सगळी उपकरणं घरीच त्याला जोडून ठेवा. मुक्कामी गेल्यावर ती आपोआप येतात. घरच्या वायफायचंच नाव-पासवर्ड दिलं तर हेही करावं लागत नाही, पण मग कोणतं उपकरण कुठे जोडलंय याचा घोळ होतो. वेगळं नाव बरं. नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ लावलंत तर गूगलची स्थाननिश्चिती तो राउटर धरत नाही. नाहीतर गावोगाव फिरणाऱ्या राउटरमुळे फोनला आपण भलत्याच शहरात आहोत असं वाटू शकतं.

आणि आतल्या नेटवर्कचा आयपी बदला. हे न केल्यास वाया जाणारा वेळ सर्वात जास्त. राउटरचा ठरावीक पत्ता १९२.१६८.०.१, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.८.१ असतो. हॉटेलच्या नेटवर्कचीही तीच मालिका निघाली तर राउटरला दोन्ही बाजूंना तोच पत्ता दिसतो आणि डेटाचं कुठलं पाकीट कुठे पाठवायचं ते त्याला ठरवता येत नाही. लक्षण असं: राउटर ‘जोडला’ म्हणतो, पण लॉगिनचं पान काही केल्या येत नाही. १७२.२९.७७.१ सारखा सहसा कुणी न वापरणारा पत्ता द्या आणि विसरा.

खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा केबलचा पोर्ट शोधा. टेबलाच्या मागे, पलंगाशेजारी, किंवा भिंतीवर बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या खालच्या कडेला. चालू पोर्ट मिळाला तर वायफाय घेण्याचा सगळा खटाटोप वाचतो आणि दोन्ही रेडिओ तुमच्या उपकरणांसाठी मोकळे राहतात. दोन-तीन मीटरची स्वतःची केबल बॅगेत असू द्या. टीव्हीची किंवा फोनची केबल उपटून तिथे राउटर लावू नका. ते पोर्ट बहुधा वेगळ्या नेटवर्कवर असतात, इंटरनेट मिळत नाही आणि टीव्ही बंद पडतो तो वेगळाच.

इथे एक चूक गंभीर आहे. हॉटेलची केबल राउटरच्या वॅन पोर्टलाच लावायची. ती लॅन पोर्टला गेली तर तुमचा राउटर हॉटेलच्या नेटवर्कवर आयपी वाटायला लागतो, आणि इतर खोल्यांतल्या उपकरणांना चुकीचे पत्ते मिळून त्यांचं इंटरनेट बंद पडू शकतं. नीट बांधलेलं नेटवर्क हे ओळखून तुमचा पोर्टच बंद करतं. एकच पोर्ट असलेल्या राउटरमध्ये तो पोर्ट वॅन आहे की लॅन हे निवडलेल्या मोडवर ठरतं. केबल लावण्याआधी मोड तपासा.

पोर्ट नसेल तर वायफाय. राउटर कुठे ठेवता त्यावर बरंच अवलंबून आहे. ॲक्सेस पॉइंट कॉरिडॉरमध्ये असेल तर दाराजवळ, खोलीत असेल तर त्याला दिसेल असा. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा मोठ्या आरशाजवळ ठेवू नका. धातू आणि आरशाचा मुलामा सिग्नल खातात. राउटरच्या पानावर सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला (शून्याच्या जवळचा) असेल तर हॉटेलचं ५ गिगाहर्ट्झ घ्या आणि तुमच्या उपकरणांना दुसरा बँड द्या. उणे ७५ च्या खाली गेलात तर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा, २.४ घ्या आणि उपकरणांना ५ द्या. खोलीभर अंतराला ५ भरपूर झालं. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती लांब ठेवा, तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो.

मग लॉगिन. क्रम असा ठेवा. फोनचा मोबाइल डेटा बंद, फोनवरचा व्हीपीएन बंद, अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस बंद. राउटरवरचा व्हीपीएन, त्याचा किल स्विच (व्हीपीएन नसेल तेव्हा इंटरनेटच अडवणारी सोय) आणि एनक्रिप्टेड (कुलूपबंद) डीएनएसही बंद. हे सगळं बंद का? लॉगिनचं पान दाखवण्यासाठी हॉटेल तुमची डीएनएसची विचारणा किंवा साधी एचटीटीपी विनंती मध्येच अडवून आपल्या पानाकडे वळवतं. विचारणा एनक्रिप्ट केलेली असेल तर ती वळवता येत नाही. फाटक बंद आणि फाटकाची बेलही तोडलेली, अशी गत होते. फोन तुमच्या राउटरच्या वायफायला जोडा, ॲडमिन पान उघडा, रिपीटर मोडमध्ये (वायफाय घेऊन वायफायच पुढे देणाऱ्या) हॉटेलचं नेटवर्क निवडा. राउटरला हॉटेलकडून आयपी मिळाला का ते आधी पाहा. तोच नसेल तर पुढचं काही होणार नाही; सिग्नल किंवा पासवर्ड चुकतोय.

आयपी मिळाला असेल तर ब्राउझरमध्ये मुद्दाम साध्या एचटीटीपीचं पान उघडा, उदाहरणार्थ नेव्हरएसएसएल डॉट कॉम. नेहमीचं एचटीटीपीएस पान उघडलंत तर ते वळवता येत नाही आणि ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो. त्या इशाऱ्याला डावलून पुढे जाऊ नका, पानच बदला. लॉगिन झालं की बंद केलेलं सगळं परत चालू करा. काही राउटरांत सार्वजनिक वायफायसाठी खास लॉगिन मोड असतो, तो ही उघडझाप आपोआप करतो.

पान येतच नसेल तर कारणं बहुधा ठरलेली असतात. डीएनएस रीबाइंडिंगपासून संरक्षण चालू असलं की राउटर हॉटेलच्या पानाचं नाव टाकून देतो, कारण त्या नावाचं उत्तर खासगी, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, आयपीत येतं आणि राउटरला तो हल्ला वाटतो. ते तेवढ्यापुरतं बंद करा. डीएनएस म्हणून स्वतः १.१.१.१ भरलेलं असेल तर काढून टाका आणि हॉटेलचं डीएनएस घ्या. जुन्या सिस्को कंट्रोलरांवर (हॉटेलचं वायफाय सांभाळणाऱ्या यंत्रांवर) हाच आकडा लॉगिन-पानाचा पत्ता म्हणून वापरलेला असे आणि मग दोन्हींची टक्कर होते. एवढं करूनही नाही आलं तर राउटरच्या पानावर गेटवेचा (हॉटेलच्या नेटवर्कच्या फाटकाचा) आयपी पाहा आणि तोच थेट ब्राउझरमध्ये टाका. पुष्कळदा पान तिथेच बसलेलं असतं.

शेवटचा उपाय मॅक क्लोनिंग. फोन थेट हॉटेलच्या वायफायला जोडून लॉगिन करा आणि मग फोनचा तो मॅक ॲड्रेस राउटरच्या वॅनला द्या. यात दोन खाचखळगे आहेत. आयफोनवर २०२० मधल्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतो. म्हणून ‘फोनविषयी’ या पानावरचा खरा मॅक घेऊ नका. हॉटेलच्या नेटवर्कच्या तपशिलात दिसतो तोच घ्या. त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, आणि इथे तोच हवा. दुसरं म्हणजे क्लोन केल्यावर फोनला ते नेटवर्क विसरायला लावा. नाहीतर एकाच मॅकची दोन उपकरणं हॉटेलच्या नेटवर्कवर येतात आणि दोघांचंही इंटरनेट आळीपाळीने तुटत राहतं.

लॉगिन बहुतेक ठिकाणी २४ तासांत किंवा ठरलेल्या वेळी संपतं. दुसऱ्या दिवशी सगळंच बंद पडलं तर राउटर बिघडलेला नसतो. व्हीपीएन थांबवून साधं पान परत उघडा. किल स्विच चालू असताना हे विशेष गोंधळाचं होतं, कारण बाहेर काहीच जात नाही आणि पानही येत नाही.

व्हीपीएनबद्दल एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं: घड्याळ. अशा बहुतेक राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. कार्ड काढल्यावर वीज गेली की चालू होताना राउटरची वेळ मागे पडलेली असते. वायरगार्डच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो आणि सर्व्हर आधी पाहिलेल्यापेक्षा जुना शिक्का नाकारतो. म्हणजे वेळ जुळेपर्यंत व्हीपीएन लागत नाही. आणि वेळ इंटरनेटवरून घ्यायची तर लॉगिन झालेलं हवं, किल स्विचने वेळेची विचारणा अडवलेली नको. राउटरच्या पानावर तारीख-वेळ तपासा, एका बटणाने ब्राउझरची वेळ देता आली तर द्या. हॉटेल यूडीपी (वायरगार्ड वापरतो ती वाहतुकीची पद्धत) अडवत असेल तर वायरगार्डच्या जागी टीसीपी ४४३ वर (एचटीटीपीएसच्या नेहमीच्या वाटेवर) ओपनव्हीपीएन चालवा. मंद असतो, पण जातो. व्हीपीएन लागतो, काही पानं उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणा. आणि ज्या देशात जात आहात तिथे व्हीपीएनचा कायदा काय आहे ते निघण्याआधी पाहा.

जोड मधूनच तुटत असेल तर वीज तपासल्यावर चॅनल पाहा. एका रेडिओवर घेणं-देणं दोन्ही असेल तर तुमचं वायफाय हॉटेलच्याच चॅनलवर बांधलेलं असतं; हॉटेलने चॅनल बदलला की तुमचाही बदलतो आणि सगळी उपकरणं क्षणभर सुटतात. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे स्वतःचं वायफाय सुरू करण्याआधी राउटरला निदान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं, आणि काही छोटे राउटर त्या चॅनलवर जोडलेच जात नाहीत. फोनला दिसणारं नेटवर्क राउटरच्या यादीत नसेल तर कारण बहुधा हेच, किंवा राउटरवरचा देश चुकीचा आहे: अमेरिकेच्या सेटिंगवर २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल १२ आणि १३ दिसत नाहीत.

आणखी एक कारण हॉटेलच्या बाजूचं आहे. मोठ्या यंत्रणा अनोळखी वायफाय दिसलं की त्याच्या उपकरणांना ‘सुटा’ असे खोटे संदेश पाठवू शकतात. अमेरिकेत मॅरियटला याच प्रकारासाठी २०१४ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाकडे ६ लाख डॉलर भरावे लागले. नॅशव्हिलमधल्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट तोडले जात होते. राउटरवर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) चालू केलंत तर व्यवस्थापनाचे, म्हणजे जोडा-सुटा सांगणारे, संदेश संरक्षित होतात आणि हे खोटे संदेश उपकरणं मानत नाहीत. जुनी स्टिक डब्ल्यूपीए३ ला जोडली जात नसेल तर तिच्यासाठी दुसऱ्या बँडवर डब्ल्यूपीए२ ठेवा.

मात्र हॉटेलच्या अटीही वाचा. कुठे स्वतःचा राउटर लावायला मनाई असते, कुठे उपकरणागणिक पैसे असतात. पैसे चुकवण्यासाठी राउटर लावणं म्हणजे अट मोडणं. रिसेप्शनवर विचारलं तर पुष्कळदा जास्त उपकरणांची परवानगी तशीच मिळते.

खोली सोडताना राउटरमधून हॉटेलचं नेटवर्क पुसून टाका, विशेषतः ते बिनपासवर्डचं असेल तर. नाहीतर पुढच्या मुक्कामी त्याच नावाचं कुणीही उघडलेलं वायफाय दिसलं की राउटर न विचारता त्याला जोडला जाईल. क्लोन केलेला मॅकही मूळचा करा. आणि अडॅप्टर फ्रिजमागच्या सॉकेटात राहिला नाही ना, ते बघा.